किल्ली कोणाकडे आहे? एन्क्रिप्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मोबाईल-कंप्युटरच्या शंकांचा तास असतो. तिथे, आणि मग आठवडाभर व्हॉट्सॲपवर, जे प्रश्न फिरून फिरून येतात त्यांतले एन्क्रिप्शनचे इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकदा सांगितलेलं परत सांगितलेलं नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एन्क्रिप्शन म्हणजे पासवर्ड लावणंच ना?

नाही. नुसता पासवर्ड म्हणजे दारावरचा वॉचमन. तो परक्याला अडवतो, पण त्याला चुकवून कोणी आत शिरलंच तर सामान उघड्यावरच असतं. एन्क्रिप्शनमध्ये सामानाचंच रूप बदलतं. वाचता येणारा मजकूर एका किल्लीच्या मदतीने असा फिरवायचा, की किल्लीवाल्याला तो जसाच्या तसा परत मिळेल आणि बाकीच्यांना नुसता कचरा दिसेल.

वहीवर करून बघा. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेत तीन घरं पुढचं अक्षर लिहायचं. क चा घ, म चा ल, ल चा ष. ‘कमल’ची झाली ‘घलष’. इथे किल्ली आहे ३ हा आकडा. ज्यूलियस सीझर याच युक्तीने निरोप पाठवायचा. आज ही किल्ली अगदीच पोरकट, कारण आपली व्यंजनं तीस-पस्तीस. तितक्या वेळा सरकवून बघितलं की गुपित फुटलं. आजची सर्वांत रुळलेली पद्धत एईएस. ती दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचली आणि २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यात लहानात लहान किल्ली निवडली तरी शक्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी होते. त्या एकेक करून लावून बघायला जगातले सगळे कंप्युटर कामाला जुंपले तरी आयुष्य पुरणार नाही.

म्हणून यापुढे कुलपाच्या मजबुतीवर फार बोलणार नाही. ते मजबूतच आहे. बहुतेक प्रश्नांचं उत्तर किल्ली कोणाकडे आहे यात सापडतं.

२. म्हणजे लहानपणी आम्ही ‘च’ची भाषा बोलायचो तसंच की! मोडी पण त्यातलीच का?

‘च’च्या भाषेत ‘पाटी’ची ‘चटीपा’ व्हायची आणि मोठ्यांना काही कळत नाही असं आपल्याला वाटायचं. (त्यांना सगळं कळायचं.) तिच्यात युक्ती आहे, पण किल्ली नाही. युक्ती कळली की सगळ्यांचं सगळं बोलणं कळलं. पंढरपुरासारख्या बाजारपेठांत व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकादेखत भाव ठरवायला नंदभाषा वापरत, केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन. तिचंही तेच. गिऱ्हाईक ते शब्द शिकून आलं की संपलं. मोडी तर गुप्तही नाही, ती भराभर लिहिण्याची लिपी. आज वाचणारे कमी उरले म्हणून ती गूढ वाटते.

ऑगस्ट केरकॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करासाठी लिहिताना एक अट घातली होती: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजचं सगळं एन्क्रिप्शन या अटीवर उभं आहे. एईएसची कृती कोणालाही वाचायला मोकळी आहे आणि जगभरचे लोक ती वीसेक वर्षं फोडायला बसलेत, म्हणूनच तिच्यावर विश्वास. त्यामुळे एखादं ॲप ‘आमचं स्वतःचं गुप्त तंत्रज्ञान’ असं मिरवत असेल तर चार हात लांब राहा.

३. मराठीत काय म्हणायचं?

कूटलेखन, कूटबद्धीकरण असे शब्द आहेत आणि कूटप्रश्नातला ‘कूट’ मला आवडतोही. पण फोनच्या सेटिंगमध्ये ‘एन्क्रिप्शन’ लिहिलेलं असतं, तेच इथे ठेवलंय. ‘सांकेतिक भाषा’ मात्र म्हणू नका, ती नंदभाषा झाली.

४. व्हॉट्सॲपवर ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ लिहिलेलं असतं. कंपनीला खरंच काही दिसत नाही?

मजकूर दिसत नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज आणि कॉल पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: मग ती किल्ली माझ्या फोनवरून अमेरिकेतल्या मुलाच्या फोनवर गेली कशी? वाटेत कोणी उचलली नाही? शेकडो वर्षं सगळे याच पेचात अडकले होते. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघा संशोधकांनी तोड मांडली: किल्ल्यांची जोडी करा, एक जाहीर आणि एक खासगी. नाक्यावरची लाल पत्रपेटी आठवा. पत्र आत टाकायला कोणाचीच मनाई नाही, पण पेटी उघडणार फक्त पोस्टमन. तुमच्या मुलाच्या फोनने आपली ‘पेटी’ जगजाहीर केली आहे. उघडायची किल्ली त्या फोनमधून बाहेर पडतच नाही. प्रत्यक्षात दोन्ही फोन दोघांच्या जाहीर आणि खासगी किल्ल्यांचं गणित करून एकच सामाईक किल्ली आपापल्या जागी तयार करतात आणि ती सतत बदलत राहतात.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. तुम्ही कोणाशी आणि कधी बोललात ही माहिती कंपनीकडे असते. कोणी तुमची तक्रार केली, म्हणजे रिपोर्ट केलं, तर तुम्ही पाठवलेले शेवटचे पाच मेसेज त्याच्या फोनवरून कंपनीकडे जातात. आणि बॅकअप, तो प्रश्न ६ मध्ये.

टेलिग्रामबद्दलही विचारलं जातं. तिथल्या साध्या गप्पा आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड नसतात. ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू केली तरच, आणि तीही दोघांपुरतीच.

५. ‘तुमचा सुरक्षा कोड बदलला आहे’ असं चॅटमध्ये आलं. हॅक झालं का?

बहुतेक वेळा समोरच्याने नवा फोन घेतलेला असतो. दिवाळीच्या सेलनंतर या प्रश्नांचा पाऊस पडतो. नवा फोन म्हणजे नवी किल्ली, ॲपने तेवढंच कळवलं.

पण कोणी ओटीपी काढून घेऊन त्याचं खातं पळवलं, तरी हाच संदेश येतो. म्हणून कोड बदलला आणि लगेच ‘जरा पाच हजार पाठव, उद्या देतो’ आलं, तर साधा फोन लावून आवाज ऐका. फार नाजूक विषय असेल तर दोघांनी समोरासमोर बसून तो ६० आकडी कोड जुळवून पाहता येतो. मी आजवर एकदाच जुळवलाय, तोही वर्गात दाखवायला.

६. गूगल ड्राईव्हवरचा चॅटचा बॅकअपही सुरक्षित असतो ना?

आपोआप नाही, आणि ही गोष्ट ऐकून वर्गात दर वेळी कुजबुज होते. साध्या बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसतं. ती सोय २०२१ मध्ये आली, पण सेटिंगमध्ये चॅट बॅकअपच्या आत जाऊन ती स्वतः चालू करावी लागते. तिथे पासवर्ड ठरवा किंवा ६४ अक्षरी किल्ली घ्या. ती हरवली तर बॅकअप गेला, कंपनीही उघडून देऊ शकत नाही. आणि हो, तुमचा बॅकअप बंद पेटीत असला तरी समोरच्याचा उघडा असू शकतो. गप्पा दोघांच्या असतात.

७. आमच्या ग्रुपमधला स्क्रीनशॉट बाहेर गेला. मग एन्क्रिप्शनचा उपयोग काय?

एन्क्रिप्शन वाट सांभाळतं, माणसं नाही. दोन्ही टोकांना मजकूर उघडाच असतो, नाहीतर तुम्ही वाचणार कसा? खांद्यावरून डोकावणारा शेजारी, ‘मदतीसाठी’ स्क्रीन शेअर करायला लावणारा भामटा, किंवा पेगॅससासारखं फोनमध्येच शिरणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर, कोणालाच कुलूप फोडावं लागत नाही.

८. साईटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साईट खरी, असं मुलाने सांगितलंय.

मुलाला प्रेमाने सांगा की ही शिकवण जुनी झाली. ते कुलूप किंवा पत्त्याआधीचं ‘एचटीटीपीएस’ एवढंच सांगतं की तुमच्यातलं आणि त्या साईटमधलं बोलणं बंद पाकिटातून जातंय. पाकीट चोराच्या पत्त्यावर जातंय का, हे पाहणं तुमचं काम. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देते. त्याने सगळ्या वेबचं भलं झालं, आणि भामट्यांचीही सोय झाली. लोक कुलपाचा अर्थ ‘खरी साईट’ असा घेतात हे पाहून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

‘बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडली जाईल’ या मेसेजमधल्या लिंका बघा, बहुतेकींवर एचटीटीपीएस असतं. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि पुढची पहिली तिरकी रेघ शोधा: तिच्या लगेच आधी जे नाव आहे ते खरं मालकाचं. आधी कितीही ओळखीचे शब्द जोडलेले असोत.

९. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर यूपीआय करावं का?

पैशांची ॲप आपला मजकूर स्वतःच बंद करून पाठवतात, त्यामुळे केवळ वाय-फाय फुकट आहे म्हणून पिन चोरीला जात नाही. यूपीआय पिन तर तुम्ही ज्या ॲपमध्ये टाकता त्या ॲपलाही दिसत नाही. तो पडदा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या सॉफ्टवेअरचा असतो आणि पिन फोनवरच बंद होऊन पुढे जातो. तरी मी स्वतः मोबाईल डेटा चालू करतो, कारण असलं वाय-फाय कधी कधी भलतंच पान उघडून दाखवतं आणि घाईत आपण त्यावर काहीही भरतो.

दोन गोष्टी याच्याच पोटातल्या. एसएमएसवर येणारा ओटीपी एंड-टू-एंड बंद नसतो, साधा एसएमएस मोबाईल कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो. आणि पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ म्हणणाऱ्यापुढे जगातलं कुठलंही एन्क्रिप्शन हात टेकतं, कारण व्यवहार तुम्हीच केलेला असतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा.

१०. आधारची पीडीएफ पासवर्डशिवाय उघडत नाही. म्हणजे ती कोणालाही पाठवायला हरकत नाही ना?

त्याआधी पासवर्ड काय असतो ते बघा. इंग्रजीतल्या नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. सुनंदा नावाच्या, १९६१ च्या बाईंचा पासवर्ड एस-यू-एन-ए-१९६१. ई-पॅनचा तर नुसती जन्मतारीख. कुलूप भक्कम, पण किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवलेली, आणि चौकट सगळ्या गल्लीला माहीत. नाव ठाऊक असेल तर उरलं फक्त वर्ष: शंभरेक शक्यता. प्रश्न १ मधल्या ३९ आकडी संख्येशेजारी हे शंभर ठेवून बघा. पाकीट चुकून भलत्याच्या हाती पडलं तर त्याने सहज उघडू नये, इतपतच हा पासवर्ड कामाचा.

झेरॉक्सच्या दुकानात एकदा रांगेत उभा होतो. पुढच्या काकूंनी आधारची पीडीएफ दुकानाच्या नंबरवर पाठवली, पाठोपाठ पासवर्डही पाठवला, शिवाय मुलाला ऐकू जावा म्हणून मोठ्याने सांगितला. त्याने फाईल उतरवली, प्रिंट काढली, पाच रुपये घेतले. पडद्यावर डाऊनलोडचा फोल्डर उघडा होता: आधार, पॅन, कुणाचा सातबारा, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, पुन्हा आधार. खाली खाली जातच होतं. मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला पुसायला वेळ नव्हता एवढंच. पण तो कंप्युटर उद्या भंगारात गेला तर?

तेव्हा चालत असेल तिथे मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट झाली की ‘दादा, फाईल पुसून टाक, रिसायकल बिनमधूनही’ असं तिथेच उभं राहून सांगा. आधी संकोच वाटतो, मग सवय होते. आणि इतर कुठलीही फाईल पासवर्ड घालून पाठवत असाल तर पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा.

११. पासवर्ड विसरलो. बँक जुनाच का सांगत नाही? नवा कशाला करायला लावते?

कारण त्यांच्याकडे तो नसतो, निदान नसायला हवा. पासवर्ड एन्क्रिप्ट करून नव्हे, हॅश करून ठेवतात. एन्क्रिप्शन किल्लीने उलटवता येतं, हॅश उलटत नाही. ज्वारीचं पीठ झालं, परत दाणे नाहीत. तुम्ही पासवर्ड टाकला की त्याचं पुन्हा पीठ करून जुन्या पिठाशी ताडून बघतात. एखाद्या साईटने तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा मेल केला, तर समजा तिथे दाणे उघड्यावर ठेवलेत. तोच पासवर्ड दुसरीकडे असेल तर आजच बदला.

१२. लॅपटॉप दुरुस्त करून आणला, आता निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू.

थांबा, फॉरमॅट मारू देऊ नका! आमच्या घरी हेच झालं. मदरबोर्ड बदलून आला आणि विंडोजने ओळखच दाखवली नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच एन्क्रिप्शनने, आधीच बंद केलेली असते, मालकाला पत्ताही नसतो. किल्ली मशीनमधल्याच एका चिपमध्ये असते. बोर्ड बदलला, चिप गेली, डिस्क म्हणाली तुम्ही कोण?

ती ४८ आकडी किल्ली बहुतेक वेळा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: सेट कोणी करून दिला होता? आमचा भाच्याने करून दिला होता, स्वतःच्या ईमेलने. तो बंगळूरला, रात्रपाळी करून झोपलेला. दुपारी उठला, खातं उघडलं आणि फोनवर सहा-सहा आकडे सांगत गेला, आठ वेळा. आईचे अकरा वर्षांचे फोटो परत आले. त्याच दिवशी किल्ली कागदावर उतरवून घेतली.

कुठल्याच खात्यात सापडली नाही तर मात्र दुकानदाराचं बरोबर. आत जायचा दुसरा रस्ता नाही.

१३. मोबाईल चोरीला गेला. चोराला फोटो दिसतील का?

स्क्रीन लॉक होता का? आयफोनमध्ये पासकोड ठेवला की साठवण एन्क्रिप्ट असतेच; अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्येही. पण ती किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. पिन १२३४ असेल किंवा लॉकच नसेल, तर बोलणंच खुंटलं. वेगळं मेमरी कार्ड घातलं असेल तर ते बहुधा उघडं असतं, काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की दिसतं.

१४. वीस वर्षांपूर्वीची मराठी फाईल उघडली तर नुसती गिचमिड. एन्क्रिप्ट झाली का?

नाही हो! ती श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली आहे. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठी जगभर चालणारी एकच पद्धत, रुळला नव्हता; इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, अक्षरं परत येतील. एका संस्थेच्या इतिवृत्ताच्या अशा फाईली ‘व्हायरस लागला’ म्हणून पुसून टाकलेल्या मी पाहिल्यात. अजून चुटपुट लागते.

सगळ्या फाईलींच्या नावांपुढे एकाएकी विचित्र शेपूट लागलं असेल आणि पैशांची चिठ्ठी मिळाली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. ते रॅन्समवेअर, म्हणजे तुमचंच सामान चोराच्या कुलपात. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर हेच केलं. इंटरनेट तोडा, पैसे भरू नका, पोलिसांत तक्रार करा. ‘नो मोअर रॅन्सम’ या साईटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. कंप्युटरला न जोडलेला बॅकअप असेल तर निम्मी चिंता मिटली.

१५. सरकारला हवं असेल तर ते वाचू शकतंच ना?

कायदा मागू शकतो. गणित ऐकेलच असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार मजकूर उलगडून देण्याचा आदेश काढू शकतं. न ऐकल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण ज्याच्याकडे किल्लीच नाही तो देणार काय? २०२१ च्या नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी मेसेजचा मूळ पाठवणारा शोधून द्यावा असं आलं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ.

त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये एक धोरणाचा मसुदा आला होता, त्यात सामान्य माणसानेही आपल्या मेसेजची उघडी प्रत ९० दिवस ठेवावी असं होतं. इतका गदारोळ झाला की तो लगेच मागे घेतला. माझं मत विचारलंत तर, पोलिसांसाठी ठेवलेली मागची खिडकी चोरालाही सापडतेच. पण लहान मुलांच्या छळाच्या प्रकरणांचा तपास करणाऱ्यांची अडचणही खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही.

१६. क्वांटम कंप्युटर आला की सगळं फुटणार म्हणे?

सगळं नाही. क्वांटम म्हणजे काही ठराविक गणितं आजच्यापेक्षा कितीतरी झटपट सोडवू शकेल असा वेगळ्या जातीचा कंप्युटर. धोका आहे तो प्रश्न ४ मधल्या जाहीर-खासगी जोड्यांना. एईएस बराच टिकेल. पर्यायी पद्धतींची पहिली तीन अमेरिकी प्रमाणं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली आणि ॲप हळूहळू बदलतायत. तुम्ही अपडेट टाळू नका, बस.

१७. वडील गेले. फोनचा पिन कोणालाच माहीत नाही. काही करता येईल का?

हा प्रश्न वर्गात कोणी मोठ्याने विचारत नाही, तास संपल्यावर थांबून विचारतात. फोनमधलं जे फक्त फोनमध्येच होतं, ते बहुतेक गेलं. सर्व्हिस सेंटर फॉरमॅट करून देईल, आतलं देणार नाही, कारण त्यांच्याकडेही किल्ली नाही. अंदाजाने पिन टाकत बसू नका. चुकांगणिक फोन जास्त वेळ अडतो, आणि काही फोन ठराविक चुकांनंतर सगळं पुसतात.

क्लाऊडवर गेलेलं मात्र मिळू शकतं. गूगल आणि ॲपल दोघेही मृत्यूचा दाखला घेऊन वारसांचे अर्ज तपासतात. वेळ लागतो, नकारही येतो. जिवंतपणी केलेली तरतूद जास्त कामाची. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, आयफोनमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’. आपल्या मागे खातं कोणाला उघडता यावं, ते नाव तिथे आधीच देता येतं.

वर्गातल्या एका निवृत्त शिक्षकांनी हे ऐकून फोनचा पिन एका कागदावर लिहिला, पाकिटात घालून चिकटवला आणि एफडीच्या पावत्यांच्या फाईलीत ठेवला. वर लिहिलं: ‘मी असेपर्यंत उघडू नये.’ पुढच्या शनिवारी ते परत आले. पिन बदलला होता आणि पाकिटात जुनाच राहिला होता.